फास्टॅगमध्ये सेल नाही, मग तो चालतो कसा? हवेतून वीज किती मिळते, कुठपर्यंत मिळते

टोलनाक्यावर गाडी आली की काचेवरचा फास्टॅग वाचला जातो आणि पैसे कटतात. पण त्या टॅगला ना सेल, ना चार्जिंगची पिन. आतल्या बारीक चिपला वीज येते ती टोलच्या मशीनकडूनच, तीही हवेतून.

लेनवर बसवलेला रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडतो. टॅगमधली धातूची पातळ पट्टी, म्हणजे अँटेना, त्यातली थोडीशी ऊर्जा गोळा करते. तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. त्यासाठी ती स्वतःची लहर सोडत नाही. आलेलीच लहर कमी-जास्त करून परत फेकते, आरशाने कवडसा पाडावा तसं. गाडी पुढे गेली की चिप बंद.

ही वीज किती? चिप जागी व्हायला साधारण १० मायक्रोवॅट पुरतात. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब घेतला तर तेवढ्या विजेत ९ लाख चिपा जाग्या होतील. शिवाय अंतर दुप्पट झालं की मिळणारी ऊर्जा चौथाईवर येते. म्हणून टॅग काही मीटरवरूनच वाचता येतो.

मोबाइलच्या वायरलेस चार्जरचं काम वेगळं. त्यात तांब्याची एक कॉइल चार्जरमध्ये आणि दुसरी फोनमध्ये असते. पहिलीत बदलता प्रवाह सोडला की चुंबकत्वामुळे दुसरीत वीज तयार होते. गावातल्या डीपीचा ट्रान्सफॉर्मरही याच तत्त्वावर चालतो, फक्त तिथे दोन्ही कॉइल लोखंडी गाभ्यावर असतात. असा चार्जर ५ ते १५ वॅट देतो, पण फोन काही मिलिमीटरवर पाहिजे. जरा सरकला की चार्जिंग बंद! दुकानात टॅप करायचं बँकेचं कार्डही कॉइलवरच चालतं, तेही चार-पाच सेंटिमीटरपर्यंत.

गाई-म्हशींच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यात मात्र असलं काही नसतं. त्यावर १२ अंकी नंबर आणि बारकोड छापलेला असतो, एवढंच.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘फुकट वीज’चे व्हिडिओ. लोहचुंबकाला तांब्याची तार गुंडाळली आणि बल्ब लागला! चुंबक नुसता ठेवून वीज तयार होत नाही. तो फिरवावा लागतो, म्हणजे जोर कुणीतरी लावावाच लागतो. बॅटरीवाला इमर्जन्सी बल्ब तर ओल्या बोटांनी धरला तरी पेटतो, कारण सेल त्याच्या आतच असतो. ३ एचपीच्या मोटारीला सुमारे २,२०० वॅट लागतात. हवेतून मोटार चालवणारं यंत्र कुणी विकायला आलं तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवावा.

टॉवर लाइनखाली ट्यूब हातात धरली की मंद उजळते, हे मात्र खरं. ते लाइनच्या विद्युत क्षेत्रामुळे होतं. त्याच कारणाने लाइनखालच्या लांब तारेच्या कुंपणालाही झटका लागू शकतो, म्हणून त्याला अर्थिंग हवंच. तिथे कॉइल किंवा तार टांगून वीज काढायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

रस्त्यावर काच पुसणारा पोरगा स्मार्टवॉचने फास्टॅगचे पैसे काढतो, असा व्हिडिओ २०२२ मध्ये खूप फिरला. तो खोटा होता. टॅग वाचला तरी हाती लागतो तो नंबर. पैसे फक्त नोंदणी झालेल्या टोल-पार्किंगवाल्यांकडेच जातात.

टॅग काचेला आतून, मधल्या आरशामागे चिकटवावा. त्यावर चांदीसारखी फिल्म किंवा धातूची वस्तू आली तर लहर अडते. टॅग चालू आहे, बॅलन्स पुरेसा आहे आणि तरी राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावरचं मशीनच बिघडलं असेल, तर २०१८ च्या नियमानुसार गाडी टोल न देता सोडायची असते आणि शून्य रकमेची पावती मिळते. ती मागून घ्यावी.