आधी कोण, मग कोण : संगणकाच्या बूटक्रमाची कुळकथा

युनिक्सचा कर्नल मेमरीत आला की तो सर्वांत आधी ‘इनिट’ हा प्रोग्रॅम सुरू करतो आणि बाकीच्या सेवा इनिटच्या हाताखाली सुरू होतात. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत त्यासाठी ‘आरसी’ नावाची एकच शेल स्क्रिप्ट होती. कोणती सेवा कोणावर अवलंबून आहे, हे तिच्यात कुठेच लिहिलेले नसे. वरची ओळ आधी, खालची नंतर, एवढाच हिशेब.

युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह शाखेने प्रत्येक सेवेला वेगळी स्क्रिप्ट दिली आणि नावातच क्रमांक घातला. पुढे रेड हॅट लिनक्सवर हीच पद्धत दिसे : ‘एस१०नेटवर्क’, ‘एस१२सिसलॉग’, ‘एस८०सेंडमेल’. नोंदी ठेवणाऱ्या सिसलॉगला बारावा क्रमांक का, हे क्रमांक देणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय सगळ्या सेवा एकामागून एक सुरू होत. नेटवर्क नसताना सेंडमेल ही टपालसेवा यंत्राच्या नावाचा पत्ता शोधत अडली, की मागची सगळी रांग खोळंबे.

डिसेंबर २००० मध्ये आलेल्या नेटबीएसडी १.५ ने क्रमांकांची वाट घेतलीच नाही. प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘प्रोव्हाइड’, ‘रिक्वायर’, ‘बिफोर’ अशा टिपा आल्या आणि त्या वाचून ‘आरसीऑर्डर’ क्रम लावू लागला. दोन सेवा एकमेकींच्या आधी यायला बघत असतील, तर तो तसे बजावतो. गंमत अशी, की असा क्रम लावणारे ‘टीसॉर्ट’ हे साधन सातव्या आवृत्तीतच होते. पण ते लिंकरसाठी फाइली लावण्यात गुंतलेले. बूटकडे ही युक्ती वळायला वीस वर्षे लागली.

मॅक ओएस टेनच्या ‘लाँचडी’ने २००५ मध्ये क्रमाचा प्रश्नच बराचसा टाळला. सेवेचे सॉकेट आधी उघडायचे, सेवा मागणी आल्यावर सुरू करायची. लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांच्या ‘सिस्टिमडी’ने २०१० मध्ये ही कल्पना लिनक्सवर आणली. सिसलॉग सुरू होण्याआधी आलेले संदेश कर्नल सॉकेटच्या बफरमध्ये धरून ठेवतो, त्यामुळे बाकीच्यांना थांबावे लागत नाही.

सिस्टिमडीचे खरे मोल मात्र दुसरीकडे आहे. गरज आणि क्रम या गोष्टी त्याने वेगळ्या केल्या. नुसते ‘रिक्वायर्स’ लिहिले तर दोन्ही सेवा एकदमच सुटतात. आधी-नंतर हवे असेल तर ‘आफ्टर’ही लिहावे लागते. इथे जाणतेही चुकतात. फेडोरा १५ ने २०११ मध्ये आणि डेबियन ८ ने २०१५ मध्ये सिस्टिमडी स्वीकारले, तरी एक घोळ टिकून आहे : सेवा ‘नेटवर्क टार्गेट’ या टप्प्यानंतर लावली म्हणजे तोवर नेटवर्क जोडले गेलेले असते असे नाही. त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ वेगळे मागावे लागते.