सुरुंगातून वाचला, पावलांनी झिजला

फिनिक्सला आमच्याकडे नाशिकचे पाहुणे आले की मी त्यांना फ्लॅगस्टाफच्या पुढे सनसेट क्रेटर या ज्वालामुखीला नेतो. त्यातला कुणी हरिहर, कळसूबाई केलेला असतोच आणि गाडीतून उतरताच विचारतो, "काका, वर जायची वाट कुठून?" वाट बंद आहे, १९७३ पासून. मग तिची गोष्ट सांगणं माझ्याकडे येतं.

डोंगर वयाने अगदी पोरसवदा. अंबरनाथचं शिवमंदिर बांधून पाव शतक उलटलं असेल, त्या सुमारास, म्हणजे इ.स. १०८५च्या आसपास इथली जमीन फुटली. उडालेले सच्छिद्र खडे तोंडाभोवती पडत गेले आणि सुमारे हजार फुटांचा शंकू उभा राहिला. राख आठशे चौरस मैलांवर पसरली. इथले शेतकरी घरंदारं सोडून गेले. त्यांच्यापैकी कुणीतरी तापल्या लाव्हाशी मक्याची कणसं ठेवली असावीत, कारण दाण्यांचे ठसे उमटलेले दगड सापडले आहेत. नैवेद्यच असणार तो, दुसरं काय!

माथ्यावरचे खडे तांबूस-पिवळे. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेलने १८८५मध्ये तो रंग पाहिला आणि मावळतीवरून डोंगराचं नाव पडलं.

पुढे १९२८मध्ये एका चित्रपट कंपनीला दरड कोसळतानाचं दृश्य हवं होतं. कादंबरीकार झेन ग्रे यांच्या कथेवरचा सिनेमा. त्यासाठी या डोंगराची बाजू सुरुंगाने उडवायची, असा बेत. फ्लॅगस्टाफकर खवळले. त्यांच्यात पुढे होते हॅरॉल्ड कोल्टन. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, पण ज्वालामुखींच्या नादी लागलेला माणूस. या परिसरात सहाशेच्या आसपास ज्वालामुखी आहेत आणि हे गृहस्थ त्यांना क्रमांक देत हिंडले! ओरड वरपर्यंत पोहोचली आणि २६ मे १९३० रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी डोंगराला राष्ट्रीय स्मारक केलं.

सुरुंग टळला, पण माणसं चढू लागली. तो नुसता घसारा आहे, तीसेक अंशांच्या उताराचा. दोन पावलं टाकावीत तर एक खाली येतं. उतरताना मात्र टाचा रोवून पळत सुटायची मजा. प्रत्येक टाचेसरशी खडे खाली जातात आणि ते वर कोण नेणार? पायवाटेची खोल चर झाली. शेवटी बंदी आली. ती मला पूर्ण पटते.

हरिहर गडाच्या पायऱ्याही ज्वालामुखीच्याच दगडातल्या. पण आपला सह्याद्री म्हणजे भेगांतून वाहून थरावर थर गोठलेला लाव्हा. त्या कातळात टाकी चालते, खोबण्या टिकतात, शेकडो वर्षांनीही पाय ठरतो. या खड्यांना धरून ठेवायला काहीच नाही. हे सांगितलं की नाशिककर लगेच मान डोलावतात. घसाऱ्यावर सगळेच आपटलेले असतात.

गंमत पुढेच आहे. त्याच उद्रेकाच्या राखेचं एक मैदान जवळ आहे, सिंडर लेक. जुलै १९६७मध्ये अमेरिकेच्या भूगर्भशास्त्र खात्याने तिथे स्वतःच सुरुंग लावले. चंद्राच्या एका सपाट भागाचे फोटो पाहून, मापाबरहुकूम ४७ खड्डे उडवले. वर काळी राख, खाली फिकट माती; स्फोटाने फिकट माती काळ्यावर पसरली की खड्डा थेट चंद्रावरचा दिसे. अपोलोचे अंतराळवीर तिथे चालायचा सराव करत.

चढायचंच असेल त्याला मी शेजारच्या लेनॉक्स क्रेटरवर नेतो. जेमतेम तीनशे फूट, पण सात हजार फुटांच्या उंचीवर तेवढ्यानेही धाप लागते. कळसूबाईवाला काठाशी थांबून "हवा विरळ आहे हो" म्हणतो. मी हो म्हणतो.