रेल्वे तिकिटातली सवलत नेमकं कोण भरतं?

‘प्रवासखर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात’ अशा अर्थाची ओळ तुम्ही रेल्वेच्या तिकिटावर वाचली असेल. मग उरलेले पैसे येतात कुठून?

मोठा भाग मालवाहतुकीतून. कोळसा, सिमेंट, धान्य यांचं भाडं चढं ठेवून प्रवासभाडं कमी ठेवलं जातं. यालाच ‘क्रॉस सबसिडी’ म्हणतात. पण कोळशाची वाहतूक महागली की वीजही महाग पडते. म्हणजे रेल्वेत कधीच न बसणाराही हा भार उचलतो.

दुसरी बाजूही आहे. मुंबई लोकलचं किमान भाडं ५ रुपये आहे. ते बरंच वाढलं, तर कमी पगारात लांबून कामावर येणं परवडणार नाही. ज्येष्ठांची ४० ते ५० टक्के सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली. ती एसी डब्यांतही मिळायची.

त्यामुळे सवलत कुणाला आणि कुणाच्या खिशातून, हे आधी ठरायला हवं.