गंजगोलाई, लातूर

महाराष्ट्र राज्यातील लातूर शहराची वर्तुळाकार मध्यवर्ती बाजारपेठ. ‘गंज’ हा मूळ फार्सी शब्द असून साठा, खजिना असा त्याचा अर्थ आहे. पुढे तो धान्याच्या पेठेस रूढ झाला. ‘गोलाई’ हे नाव गोल आखणीवरून पडले. नगररचना आणि व्यापाराची वाढ यांचा परस्परसंबंध दाखविणारे मराठवाड्यातील हे एक ठळक उदाहरण होय. लातूर हे ऑगस्ट १९८२ पर्यंत उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. त्यामुळे गंजगोलाईच्या घडणीचा काळ त्या जिल्ह्याच्याच इतिहासात मोडतो.

या प्रदेशाला व्यापाराची परंपरा जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून कापड गाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. लातूरचे प्राचीन नाव लट्टलूर. राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदात या नगराचा अभिमानाने निर्देश करीत. तथापि अर्वाचीन लातूर हे या प्राचीन वैभवाचा अवशेष नसून विसाव्या शतकातील नवी पेठ आहे. हैदराबाद संस्थानाच्या राजवटीत १९०५ मध्ये लातूर तालुका झाला आणि त्यानंतर गावाच्या वाढीस वेग आला.

या वाढीचे पहिले कारण लोहमार्ग हे होय. बार्शी लाइट रेल्वे कंपनीने कुर्डुवाडी ते बार्शी हा अरुंदमापी मार्ग १८९७ मध्ये सुरू केला. तो १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत व १९११ मध्ये लातूरपर्यंत वाढविण्यात आला. लातूर हे मार्गाचे अखेरचे स्थानक झाल्यामुळे बालाघाटच्या पठारावरील कापूस, ज्वारी, डाळी व तेलबिया यांना बाहेरची वाट मिळाली. अखेरच्या स्थानकावर माल साठतो. साठलेल्या मालासाठी वखारी, अडत्ये, तोलारी व हमाल लागतात. आणि या सर्वांना एकत्र बसण्यासाठी जागा लागते. ही गरज गंजगोलाईने भागविली.

गोलाईचा आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकारांनी तयार केल्याचे मानले जाते. मुख्य इमारत १९१७ मध्ये बांधली गेली. ती दुमजली व वर्तुळाकार असून मध्यभागी जगदंबा देवीचे मंदिर आहे. या केंद्रास सोळा रस्ते येऊन मिळतात. निरनिराळ्या रस्त्यांवर निरनिराळ्या मालाची दुकाने वसली. सोन्याचांदीचे दागिने, पादत्राणे, मिरची, गूळ यांच्या पेठा प्रसिद्ध आहेत, तर कापड लाइन, भुसार लाइन यांसारखी स्थलनामे त्या विभागणीची आजही साक्ष देतात.

अशा आखणीचे व्यापारी लाभ स्पष्ट आहेत. कोणत्याही वेशीतून आलेली गाडी सरळ केंद्राकडे येते व माल उतरवून दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडू शकते. एका मालाचे व्यापारी शेजारीशेजारी असल्याने भावाची तुलना सुलभ होते. नव्या दुकानदाराला आपली जागा कोठे आणि गिऱ्हाईक कोठून येणार, याचा अंदाज आधीच करता येतो. भांडवल गुंतविणाऱ्याला ही निश्चितता मोलाची वाटते. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये जयपूर वसविताना रुंद रस्ते व एकसारख्या दुकानांच्या ओळी आधी आखून मग व्यापाऱ्यांना पाचारण केले, त्यामागील तत्त्व हेच होते.

उस्मानाबादशी केलेली तुलना या संदर्भात उद्‌बोधक आहे. ते जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. कचेऱ्या व न्यायालये तेथे होती. परंतु जुना लोहमार्ग शहराला वगळून गेला. मार्गाचे रुंदमापीकरण झाले तेव्हा त्याची आखणी बदलून २००७-०८ च्या सुमारास ते शहर प्रथमच रेल्वेच्या नकाशावर आले. दरम्यान व्यापार लातूरकडे एकवटला होता. प्रशासकीय दर्जापेक्षा दळणवळण आणि बाजाराची सोय या गोष्टी व्यापाऱ्याला अधिक आकर्षित करतात, असे यावरून दिसते. तसेच रेल्वेवाचून केवळ गोलाई बांधून एवढी पेठ उभी राहिली असती, असेही म्हणता येत नाही.

या नगररचनेच्या मर्यादाही पुढे उघड झाल्या. बैलगाडीसाठी पुरेसे असलेले रस्ते मालमोटारींना अपुरे पडू लागले; सर्व वाटा एकाच बिंदूवर आणणारी रचना, जी एकेकाळी सोय होती, तीच गर्दीचे कारण ठरली. घाऊक धान्यव्यापार बाजार समितीच्या आवारात आणि कारखाने औद्योगिक वसाहतीत गेले. लातूर २०११ मध्ये महानगरपालिका झाले. एप्रिल २०१६ मध्ये मात्र या शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या लोहमार्गाने एके काळी धान्य बाहेर नेऊन पेठ वाढविली, त्याच दिशेने पाणी आत आणण्याची वेळ आली. रस्ते व दुकाने यांची आखणी उद्योगांना शहरात आणू शकते. परंतु त्यांना तेथे टिकविण्यासाठी पाण्याची आखणी तितक्याच दूरदृष्टीने करावी लागते, हा गंजगोलाईच्या शतकभराच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.