कालची भाकरी

सकाळी दुरडीवरचे फडके उचलले आणि खाली रात्रीच्या दोन भाकरी निघाल्या, तर तुमच्या घरी त्यांचे काय करतात? जिंतूर तालुक्यातल्या कोणत्याही गावी विचारा. कुणी ताकात कुस्करून खाते, कुणी कांदा चिरून फोडणीला टाकते, कुणी हिरवी मिरची आणि कच्चे तेल घेऊन तशीच मोडते. कुस्करा म्हणा, काला म्हणा, फोडणीची भाकरी म्हणा. पाहुणा आला तर हा पदार्थ त्याच्या पानात चुकूनही वाढला जात नाही. आज मी त्याचाच इतिहास सांगणार आहे. गुरुजींनी हसू नये. लढायांना आणि तहांना इतिहास असतो, तसा शिळ्या भाकरीलाही असतो, आणि तो सगळाच गोड नाही.

आधी जरा लांब जाऊन येऊ, म्हणजे घरचे नीट दिसेल. इटली देशात तोस्काना नावाचा प्रांत आहे. फ्लॉरेन्स शहर त्यातच. तिथली भाकरी म्हणजे भट्टीत भाजलेला गव्हाचा मोठा पाव, आणि तोही परंपरेने बिनमिठाचा. खेड्यात रोज भट्टी पेटवणे परवडत नसे. एकदा भाजलेला पाव पुष्कळ दिवस पुरवायचा. मग तो दगडासारखा होई. शेतकरीण काय करी? पाव गार पाण्यात भिजवायचा, हातांनी घट्ट पिळायचा, कुस्करायचा. त्यात कांदा, काकडी, थोडा सुवासिक पाला, जैतुणाचे तेल आणि शिरका घालून कालवायचा. चूल नाही, सरपण नाही. याला ते लोक पांझानेल्ला म्हणतात. आता तो मोठमोठ्या हॉटेलांत मिळतो, आणि टोमॅटो नसेल तर गिऱ्हाईक त्याला ओळखणारही नाही.

पण टोमॅटो त्यात नंतर आला. आन्योलो ब्रोन्झिनो (१५०३–१५७२) हा फ्लॉरेन्सच्या कोसिमो मेदिची या सत्ताधीशाचा दरबारी चित्रकार. रेशमी पोशाखातल्या सरदारांची चित्रे काढणारा हा गृहस्थ विनोदी कविताही करी. एका कवितेत त्याने कांद्याची स्तुती केली आहे. तिच्यात चिरलेला कांदा, तेल, शिरका, पाव आणि काकडी आहे, आणि आणखी एक भाजी आहे. ती कोणती म्हणाल? घोळ! आपल्या पिकात पावसाळ्यात उगवते, खुरपून काढतो, आणि बायका ओट्यात भरून घरी आणतात, तीच घोळ. टोमॅटोचे मात्र नावही नाही. त्याच कोसिमोच्या घरी १५४८ साली टोमॅटोची एक टोपली आल्याची नोंद आहे, पण लोक त्या फळाकडे नवलाने बघत. इटलीच्या पाकपुस्तकात टोमॅटोची चटणी छापली जायला १६९२ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे तरी काय वेगळे घडले? ठेच्यातली मिरची अमेरिका खंडातली; पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतल्यानंतर त्यांच्या जहाजांच्या वाटेने ती इकडे पसरली. तोवर तिखटाला आपल्याकडे मिरे होते. ज्वारीसुद्धा मुळात आफ्रिकेतली. पूर्व सुदानात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी लोक ती लावत होते, असे उत्खननांतून दिसते. म्हणजे आपल्या कुस्कऱ्यात आफ्रिकेचे धान्य आणि अमेरिकेची मिरची. त्यांना एकत्र कालवणारा हात तेवढा मराठवाड्याचा.

आता कडू भाग. शिळी भाकरी सगळ्यांच्या पानात सारखी पडत नसे. घरात ती कुणाच्या वाट्याला येई ते तुम्ही पाहिलेच असेल: सगळ्यांची जेवणे झाल्यावर चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या. ताजी भाकरी पुरुषांना आणि लेकरांना, कालची तिला. घराबाहेर तर आणखी वाईट. गावगाड्यात येसकराची पाळी असलेल्या महाराने संध्याकाळी घरोघर हाळी देऊन भाकरी मागायची, अशी रीत होती. वेशीची राखण, सांगावा पोचवणे, सरकारी माणसांची सरबराई, या सगळ्या राबणुकीचा मोबदला म्हणून हे तुकडे. उरलेसुरले, वरून टाकलेले, शिवाशिवीच्या भीतीने लांबून दिलेले. गावाच्या भाषेत तो ‘हक्क’ होता. कामाची मजुरी भिकेसारखी द्यायची आणि तिला हक्क म्हणायचे, यासारखी थट्टा दुसरी नसेल.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला माहीत आहे. पण त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मेलेल्या ढोराचे मांस सोडा आणि गावाने टाकलेले तुकडे खाऊ नका, असेही बजावले होते. याचा अर्थ शिक्षकांनी मुलांना जरूर उलगडून सांगावा. पोटाला नाही म्हणणे सोपे नव्हते. पुढे १९७८ साली दया पवारांचे आत्मकथन आले, त्याचे नावच ‘बलुतं’ ठेवले गेले. त्या एका शब्दात काय काय मावते ते पुस्तक वाचले की कळते.

याच मुलखात दुसरी एक परंपराही आहे. सप्ताह संपताना काल्याचे कीर्तन होते. कथा अशी की, गाई चारायला गेलेल्या गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कृष्णाने त्या सगळ्या एकत्र कालवल्या आणि घास वाटले. कुणाची शिळी, कुणाची ताजी, ते कोण बघतो! नामदेवांचे नरसी १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होते, आज ते हिंगोलीत आहे. जनाबाईंचे गंगाखेड अजून परभणीतच आहे. काल्यात सर्वांनी एकत्र खाल्ले आणि वेशीवर तुकडा लांबूनच टाकला, या दोन्ही गोष्टी एकाच गावात, कधी एकाच दिवशी घडल्या. हे मला अजून पचत नाही.

१९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला की म्हातारी माणसे अजून गप्प होतात. रेशनवर परदेशी लाल मिलो आला, त्याची भाकरी धड थापता येईना. दुष्काळी कामावर सुकडी मिळाली. शिळी भाकरी उरायला आधी ताजी असावी लागते. आज परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण दिले आहे (२०१८), पण खरिपातली ज्वारी बहुतेक शेतांतून सोयाबीनने हटवली आहे. आणि पोरगा शाळेच्या डब्यात कालची भाकरी असली तर झाकण अर्धेच उघडतो.

तर मंडळी, करून बघा. रात्रीच्या दोन भाकरी घ्या. बुरशीचा ठिपका दिसला तर ती भाकरी टाकून द्या; ठिपका काढून उरलेली खाऊ नये. शिळी भाकरी कडक होते ती नुसती वाळून नव्हे. शिजताना फुललेले पिठातले सत्त्व थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बसते. गव्हाच्या पावाला चिकटपणा असतो, म्हणून तो पाण्यात बुडवून पिळता येतो. ज्वारीला तो नाही. भाकरी बुडवलीत तर लापशी होईल. बोटाएवढे कुटके करा, वरून ताकाचा हबका मारा आणि पाव घटका झाकून ठेवा. मग एक कांदा, एक काकडी, दोन पिकलेले टोमॅटो चिरून मीठ लावा. त्यांना पाणी सुटेल, ते फेकू नका, कुटक्यांना तेच हवे असते. घोळीची कोवळी पाने धुऊन घाला. शिरक्याऐवजी लिंबू. तेल करडईचे, कच्चेच, दोन पळ्या. जैतुणाच्या मागे धावायचे कारण नाही. हिरवी मिरची ठेचून, सोसेल तेवढी. सगळे हाताने हलके कालवा, दाबू नका.

हे ठेवून खायचे नाही, मऊ पडते. परातीत घ्या, सगळ्यांना एकदम बसवा, आणि वाढणारीलाही आधी बसवा.