दोन स्टॅकपासून क्यू कशी तयार होते?

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे पुणे जिल्ह्यातले भाताचे तालुके. भाताची पोती एकावर एक रचली की थप्पी होते. शेवटी ठेवलेले पोते आधी निघते आणि जुने तळाशीच राहते. संगणकशास्त्रात अशा रचनेला स्टॅक म्हणतात. एसटीच्या रांगेत मात्र आधी आलेला आधी चढतो. ती झाली क्यू.

मग जुने पोते आधी कसे काढायचे? थप्पीवरचे एकेक पोते उचलून शेजारी दुसरी थप्पी लावायची. क्रम उलटतो आणि सर्वांत जुने पोते वर येते. प्रोग्राममध्येही हेच करतात :

१. नवा घटक ‘आवक’ स्टॅकवर ठेवा (पुश).
२. घटक हवा असेल तेव्हा ‘जावक’ स्टॅकवरचा काढा (पॉप).
३. ‘जावक’ रिकामा असेल तरच आधी ‘आवक’मधले सगळे घटक एकेक करून त्यात हलवा. दोन्ही रिकामे असतील तर क्यूच रिकामी आहे.

नेहमीची चूक : क, ख, ग आले, हलवले आणि क बाहेर पडला. ‘जावक’मध्ये ख, ग शिल्लक असतानाच नवा घ त्यावर हलवला, तर तो ख च्या आधी निघेल. रांग मोडली!

वेळ किती लागतो? एखाद्या वेळी सगळे घटक हलवावे लागतात. पण प्रत्येक घटक जास्तीत जास्त दोनदा ठेवला जातो आणि दोनदा काढला जातो. म्हणजे १,००० घटकांसाठी फार तर ४,००० क्रिया. रांग कितीही वाढली तरी दर घटकामागचा सरासरी खर्च वाढत नाही.