निळ्या गुलाबाचं बी खरंच उगवतं का? बियांपासून गुलाब लावण्याआधी हे वाचा

रील स्क्रोल करताना निळ्याजांभळ्या किंवा सप्तरंगी गुलाबाच्या बियांची जाहिरात दिसली नसेल, असा माणूस सापडणं अवघड. मग नांदेड-लातूरच्या उन्हात हे बी उगवेल का?

निळा गुलाब असतो का?

गुलाबात निळा रंग तयार करणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य नैसर्गिकरीत्या तयार होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकीय बदल करून असा गुलाब बनवला आणि 2009 मध्ये बाजारात आणला. पण तोही फिकट जांभळाच दिसतो. सप्तरंगी गुलाब तर पांढऱ्या फुलाचा दांडा चिरून रंगीत पाण्यात ठेवून केलेला असतो. त्याचं बी मिळणार कुठून? अशा पाकिटात फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते.

मग नर्सरीतली रोपं कशी तयार होतात?

बहुतेक छाट कलमाने किंवा खुंटावर डोळा भरून. कारण संकरित गुलाबाचं बी लावलं, तर आईसारखंच फूल येत नाही. लाल गुलाबाच्या बियांतून गुलाबी, पांढरं, एकेरी पाकळ्यांचं, काहीही येऊ शकतं. म्हणूनच नवीन जात शोधणारे मात्र बियांकडेच वळतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनी अशा संकरातूनच अनेक भारतीय गुलाब दिले.

बी उगवायला इतका वेळ का लागतो?

बियांचं कवच टणक असतं आणि आत उगवण रोखणारी रसायनं असतात. थंडी सरेपर्यंत बी झोपून राहतं. आपल्याकडचा हिवाळा त्यासाठी पुरेसा नाही, म्हणून फ्रिज लागतो.

घरी कसं करायचं?

1. डिसेंबरमधली काही फुलं झाडावरच राहू द्या. पाकळ्या गळल्यावर खाली गोल फळ धरतं. भरगच्च पाकळ्यांच्या काही जातींना ते धरतच नाही.

2. साधारण 3-4 महिन्यांत फळ केशरी-लाल झालं की तोडा. बी काढून गर स्वच्छ धुवा, वाळवा आणि कोरड्या, थंड जागी ठेवा.

3. सप्टेंबरच्या मध्यात बी ओलसर टिश्यूत गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला आणि 8 ते 10 आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. तापमान 4-5 अंश हवं, फ्रीझर नको. अधूनमधून बुरशी बघा.

4. नोव्हेंबर अखेरीस कोकोपीटमध्ये साधारण 1 सेंमी खोल पेरा. ओल राहू द्या, पाणी साचू देऊ नका.

फ्रिजमध्येच मोड आला, तर ते बी लगेच पेरा.

वेळापत्रक का महत्त्वाचं?

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांपुढे जातो. फेब्रुवारीत उगवलेलं कोवळं रोप हा उन्हाळा सहज सोसत नाही. थंडीत उगवलेल्याला मुळं धरायला वेळ मिळतो. तरीही मार्चपासून शेडनेट आणि सकाळचं पाणी हवंच.

किती अपेक्षा ठेवावी?

नीट काळजी घेऊनही निम्मं बी उगवत नाही, हे नेहमीचंच. वारंवार फुलणाऱ्या जातींचं रोप काही महिन्यांत पहिली छोटी कळी देतं, तर जंगली जातींना 2-3 वर्षं लागतात. आवडता गुलाब जसाच्या तसा हवा असेल, तर कलमच घ्या. काय उगवेल याची उत्सुकता असेल, तर बी लावा.